हेवी मेटलचा सुवर्णकाळ: सोलोचा इतिहास आणि रिफचा इतिहास

हेवी मेटल ऐकणारी चार माणसं एकत्र बसली की एक वाद ठरलेला असतो. सगळ्यात भारी काळ कोणता? एक जण म्हणतो, सत्तरचं दशक, ब्लॅक सॅबथच्या पुढे कुणी गेलंच नाही. दुसरा १९८६ वर अडून बसतो. तिसऱ्याच्या मते १९९१ नंतर सगळं संपलं. चौथा, बहुतेक वेळा वयाने सगळ्यांत लहान, वैतागून म्हणतो की तुम्ही लोक नवीन काही ऐकतच नाही. आणि एखादा मोठा गिटारवादक गेल्याची बातमी आली की हाच वाद पुन्हा होतो, फक्त आवाज थोडा हळवा असतो.

हा वाद मी तुमच्यासमोर का आणतेय? कारण तुमच्यापैकी अनेकांच्या संशोधन आराखड्यात 'सुवर्णकाळ', 'उदय', 'ऱ्हास' असले शब्द येणार आहेत. ते आपण पाठ्यपुस्तकातून उचलतो आणि आधीच ठरलेले म्हणून वापरतो. मेटलच्या वादात हे शब्द तयार होताना दिसतात, तेही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत. तुम्ही मेटल कधी ऐकलं नसेल तरी काही बिघडत नाही. लागेल तेवढं सांगत जाते.

दोन शब्द मात्र आधी समजून घ्या. 'रिफ' म्हणजे गिटारवरची छोटी, पुन्हा पुन्हा येणारी सुरावट. गाणं तिच्यावर उभं असतं. आपल्या मुखड्यासारखी, पण ठेक्यात घट्ट बांधलेली. 'सोलो' म्हणजे मधेच बाकीचे मागे सरतात आणि एक गिटारवादक पुढे येऊन आपली करामत दाखवतो ती जागा. ताना, पलटे, वेग, सगळं तिथे.

माझं म्हणणं असं आहे की सुवर्णकाळ कोणता, हे तुम्ही या दोनपैकी काय मोजताय यावर ठरतं. सोलो मोजलात तर एक इतिहास हाती लागतो. रिफ मोजलीत तर तारखा बदलतात, नावं बदलतात, आणि 'मेटल मेलं' असं ज्या वर्षी म्हणतात त्या वर्षी काही मेलेलं दिसतच नाही. संशोधनाच्या भाषेत याला विश्लेषणाचं एकक म्हणतात. पद्धतिशास्त्राच्या तासाला हा शब्द फार कोरडा वाटतो. इथे तो कुणाचं नाव इतिहासात राहणार ते ठरवतो.

सुरुवात बर्मिंगहॅमपासून करू. टोनी आयोमी सतरा वर्षांचा होता, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. तो त्याचा तिथला शेवटचा दिवस होता, पुढे बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलेलं. मशीनमध्ये उजवा हात सापडला आणि दोन मधल्या बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं निकामी झालेला हा जॅझ गिटारवादक उरलेल्या बोटांवर अख्खं युरोप गाजवून गेला होता. आयोमीने मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं, गिटारला बारीक तारा लावल्या आणि पुन्हा वाजवायला लागला.

गोष्ट खरी आहे आणि थरारक आहे. पण ती सहसा जशी सांगतात तिचा शेवट ऐका: बोटं दुखायची म्हणून त्याने तारा सैल केल्या, तारा सैल केल्या म्हणून आवाज जड झाला, म्हणून हेवी मेटलचा जन्म झाला. तीन वेळा 'म्हणून'. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणी थांबायचं आणि तारखा समोर मांडायच्या. अपघात १९६५ चा. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा, दुसरा, 'पॅरानॉइड', त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधला. हे दोन्ही मुख्यतः नेहमीच्याच पट्टीत वाजवलेले आहेत. तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या त्या तिसऱ्या अल्बममध्ये, 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त, १९७१ साली. म्हणजे अपघातानंतर सहा वर्षांनी. आणि ज्या रिफने लोक दचकले, पहिल्या अल्बमच्या शीर्षकगीताची, ती पट्टी उतरवण्याच्या आधीची आहे.

मग ती जड कशामुळे वाटते? हार्मोनियम असेल घरात तर वाजवून बघा: सा, मग वरचा सा, मग खाली येऊन तीव्र मध्यम. एवढंच. अतिशय संथ लयीत. आपल्याकडे तीव्र मध्यमाला संध्याकाळच्या रागांत मानाचं स्थान आहे, तो भीतीचा स्वर नाही. पण पाश्चात्त्य कानाला सा-तीव्र मध्यम हे अंतर अस्वस्थ करणारं, अर्धवट सुटलेलं वाटतं. त्यात गीझर बटलरचा बास पुष्कळदा आयोमीच्या रिफबरोबरच चालतो, बँडमध्ये दुसरा गिटारवादक नाही, आणि अँप्लिफायर मोठ्या आवाजावर. कारणं अशी चार-पाच आहेत, अपघात त्यांतलं एक. इतकंच कशाला, पहिल्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप बिघडला आणि त्याने गिब्सन एसजी हातात घेतली, तीच पुढे त्याची ओळख झाली. बोटांइतकीच ही बिघडलेली गिटारही इतिहासात आहे, पण तिच्यावर कुणी हळवं होत नाही.

आता साधनांकडे वळू. १९७० साली लेस्टर बँग्ज या नावाजलेल्या समीक्षकाने 'रोलिंग स्टोन' मासिकात सॅबथच्या पहिल्या अल्बमची चांगलीच खरडपट्टी काढली. त्याच 'रोलिंग स्टोन'ने २०१७ साली मेटलच्या शंभर श्रेष्ठ अल्बमची यादी केली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर 'पॅरानॉइड' होता. मासिक तेच, बँड तोच, मधे सत्तेचाळीस वर्षं. तुम्ही १९७० ची समीक्षा वाचून 'तत्कालीन प्रतिक्रिया' असं प्रकरण लिहिलंत तर सॅबथ फालतू बँड ठरतो. २०१७ ची यादी वाचून लिहिलंत तर ते जन्मापासूनच महान ठरतात. दोन्ही अर्धवट. कारण त्याच वेळी विक्रीच्या तक्त्यात पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत होता आणि दुसरा थेट पहिल्या क्रमांकावर. समीक्षक एकीकडे, रेकॉर्ड विकत घेणारी पोरं दुसरीकडे. 'त्या काळी लोकांना काय वाटलं' या वाक्यातले 'लोक' कोण, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं.

सोलोचा इतिहास मात्र फार सरळ सांगता येतो, आणि तीच त्याची ताकद आहे. १९७८ च्या फेब्रुवारीत व्हॅन हेलन बँडचा पहिला अल्बम आला. त्यात 'इरप्शन' नावाचा दोन मिनिटांपेक्षाही कमी लांबीचा, केवळ गिटारचा तुकडा आहे. एडी व्हॅन हेलन त्यात उजव्या हाताची बोटंही पडद्यांवर आपटतो. दोन्ही हातांनी मिळून स्वर काढायचे, याला टॅपिंग म्हणतात. एडीने ते शोधलं असं सर्रास लिहितात. तसं नाही. जेनेसिस बँडचा स्टीव्ह हॅकेट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच टॅपिंग करत होता. एडीने त्याला भाषा दिली. त्यानंतर गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोराला 'ते' जमलंच पाहिजे असं वाटू लागलं.

मग रँडी ऱ्होड्स. आई संगीतशाळा चालवायची, मुलगा तिथेच शिकला आणि तिथेच शिकवू लागला. ऑझी ऑस्बोर्न सॅबथमधून बाहेर पडल्यावर त्याच्या बँडमध्ये रँडी आला. 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमन' असे दोन अल्बम झाले. दौऱ्यावर असतानाही तो गावोगावी शास्त्रीय गिटारचे धडे घ्यायचा. १९ मार्च १९८२ ला फ्लोरिडात छोट्या विमानाच्या अपघातात गेला, तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. दोन अल्बम, पंचवीस वर्षं. अशा माणसाची स्मृती पुढे वाढतच जाते, कारण त्याला वाईट अल्बम काढायला वेळच मिळालेला नसतो. हे क्रूर वाटेल, पण 'श्रेष्ठ' ठरवणाऱ्या याद्या वाचताना ध्यानात ठेवा: जगलेल्यांच्या खात्यात त्यांची पडझडही जमा होते.

१९८४ ला स्वीडनचा इंग्वे मालमस्टीन 'रायझिंग फोर्स' घेऊन आला आणि बाख-पागानिनीच्या नावाने वेगाची स्पर्धाच लागली. गिटारची मासिकं सोलो स्वर-स्वर उतरवून छापत होती. एखादा सोलो छापता येतो, शिकता येतो, त्याला एका माणसाचं नाव असतं, आणि मृत्युलेखात त्याचा उल्लेख करता येतो. विद्यापीठंही त्याच वाटेने आली. रॉबर्ट वॉल्सरचं १९९३ चं 'रनिंग विथ द डेव्हिल' हे मेटलच्या संगीताचा गंभीर अभ्यास करणारं सुरुवातीचं महत्त्वाचं पुस्तक. त्यातलं गिटारवरचं गाजलेलं प्रकरण कुणावर आहे? ब्लॅकमोर, व्हॅन हेलन, ऱ्होड्स, मालमस्टीन. चारही सोलोवाले. वॉल्सरची गरज समजण्यासारखी होती. मेटल म्हणजे गोंगाट असं मानणाऱ्या संगीत विभागांना त्याला दाखवायचं होतं की इथेही अभिजात परंपरेशी नातं आहे, तयारी आहे. पुस्तक जरूर वाचा. पण एखाद्या विषयाला मान मिळवून देताना अभ्यासक कोणता भाग पुढे करतो, तेही बघा. मग तोच भाग म्हणजे अख्खा विषय होऊन बसतो. आपल्याकडे संगीत नाटकाचा सुवर्णकाळ गायक-नटांच्या नावांनीच सांगतात, ऑर्गन आणि तबल्यावर कोण होतं ते शोधायला जा, घाम फुटतो. तसंच.

तर सोलोच्या घड्याळाप्रमाणे सुवर्णकाळ १९७८ ते साधारण १९९०. मग सिअ‍ॅटलहून ग्रंज आलं, निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' सप्टेंबर १९९१ मध्ये निघाला, चमकोगिरीचे सोलो जुनाट वाटू लागले, मेटल संपलं. कथा पूर्ण.

आता घड्याळ बदलू.

१९७९ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या 'साउंड्स' साप्ताहिकाने एका नव्या लाटेला नाव दिलं: ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट. आयर्न मेडन त्यातला सगळ्यात मोठा झालेला बँड. पण रिफच्या इतिहासात मला डायमंड हेड जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचा गिटारवादक ब्रायन टॅटलर. किती जणांना नाव माहीत आहे? १९८० चा त्यांचा पहिला अल्बम बँडने स्वतःच काढला, फार खपला नाही. पण कॅलिफोर्नियात लार्स उलरिख नावाच्या पोराने तो ऐकला, मेटॅलिका बँड काढला, आणि सुरुवातीच्या काळात मेटॅलिका डायमंड हेडचीच गाणी वाजवत होता. टॅटलरच्या रिफा अशा रीतीने कोट्यवधी लोकांच्या कानात आहेत. फक्त त्याचं नाव तिथे नाही.

मेटॅलिकाचा जेम्स हेटफील्ड गातो आणि रिदम गिटार वाजवतो. लोकांच्या लक्षात राहतो तो गायक म्हणून. 'मास्टर ऑफ पपेट्स' या १९८६ च्या गाण्यात त्याचा उजवा हात मिनिटाला दोनशेहून अधिक ठोक्यांच्या लयीत वाजवतो, आणि प्रत्येक आघात वरून खाली. एक खाली, एक वर असं केलं तर हाताला निम्मे कष्ट, पण मग आवाजातला तो दणका जातो. प्रयोग करायचा असेल तर बोटाने टेबलावर दोन मिनिटं त्या वेगाने एकाच दिशेने आपटून बघा, मनगट काय म्हणतं ते कळेल. ही तयारी एडीच्या टॅपिंगपेक्षा कमी नाही. पण ती मासिकाच्या पानावर उतरवली तर एकाच स्वराची रांग दिसते. काय शिकणार आणि काय मिरवणार?

त्याच १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये स्लेयरचा 'रेन इन ब्लड' आला, अर्ध्या तासाच्या आत संपणारा. त्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध रिफांमागे जेफ हॅनमन आहे. मे २०१३ मध्ये तो गेला. हॅनमनचे सोलो कुणी आदर्श म्हणून गिरवत नाही. ते मुद्दाम किंचाळणारे, सुराबाहेर जाणारे आहेत. म्हणून तंत्राच्या यादीत तो खाली दिसतो आणि प्रभावाच्या यादीत वर. एकाच माणसाचे दोन क्रमांक येतात तेव्हा समजायचं की 'श्रेष्ठ' या शब्दात दोन वेगळी मापं मिसळली आहेत.

फ्लोरिडातला चक शुल्डिनर हा पुढचा दुवा. त्याचा बँड डेथ, पहिला अल्बम १९८७ चा. डेथ मेटल या प्रकाराची पायाभरणी करणाऱ्यांत तो आहे, आणि लगेच त्याने तोच पाया मोडून गुंतागुंतीच्या रचना करायला घेतल्या. 'ह्यूमन' हा त्याचा वळणाचा अल्बम कोणत्या वर्षी आला? १९९१. होय, मेटल मेलं त्याच वर्षी. शुल्डिनर स्वतः डिसेंबर २००१ मध्ये कर्करोगाने गेला, चौतिसाव्या वर्षी.

मग १९९१ ला नक्की काय संपलं? लॉस एंजेलिसच्या केस फुगवलेल्या बँडांचा बाजार संपला, आणि त्याबरोबर सोलो ही सक्तीची गोष्ट उरली नाही. बाकी हिशेब मांडा. मेटॅलिकाचा सगळ्यात खपलेला अल्बम ऑगस्ट १९९१ चा. पँटेराचा 'फार बियॉन्ड ड्रिव्हन' १९९४ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्याच आठवड्यात पहिला आला, आणि तो मुळीच गुळगुळीत अल्बम नाही. स्वीडनच्या गोथेनबर्गमधून अ‍ॅट द गेट्सचा 'स्लॉटर ऑफ द सोल' १९९५ चा. त्याच्या रिफा पुढच्या दशकातल्या अमेरिकन बँडांनी इतक्या उचलल्या की कधीकधी हसू येतं. नॉर्वेत तर त्याच वर्षांत वेगळंच काही शिजत होतं. मरण बघायचं असेल तर वाद्याकडे बघा. १९९० साली आयबानेझ कंपनीने स्टीव्ह व्हायबरोबर मिळून सात तारांची गिटार बाजारात आणली. व्हाय म्हणजे सोलोवाल्यांचा राजा, जादा तार त्याच्या करामतीला जादा मैदान म्हणून. चारच वर्षांनी कॉर्नचा पहिला अल्बम आला. त्यांनी तीच सात तारी गिटार घेतली, आणखी खाली उतरवली आणि सोलो जवळजवळ टाकूनच दिला. पुढे मेशुगा आठ तारांवर गेला. सोलोसाठी बनवलेलं हत्यार रिफवाल्यांनी पळवलं. याला मरण म्हणायचं की वारसाहक्काचं भांडण, ते तुम्ही ठरवा. २००३ साली मेटॅलिकाने 'सेंट अँगर' एकही सोलो न घालता काढला तेव्हा चाहते किती चिडले! रिफा तशा ढिगाने होत्या. पण चाहत्यांच्या हिशेबात सोलो नाही म्हणजे मेटल नाही.

माझी ही मांडणी फार गुळगुळीत होतेय असं वाटत असेल तर डाइमबॅग डॅरेल समोर ठेवा. पँटेराचा हा गिटारवादक दोन्ही खात्यांत बसतो. रिफ अशी की नव्वदच्या दशकाचा आवाजच तिने ठरवला, आणि सोलो अस्सल व्हॅन हेलनच्या घराण्यातला. ८ डिसेंबर २००४ ला ओहायोतल्या कोलंबस शहरात, कार्यक्रम चालू असताना, रंगमंचावरच त्याला गोळ्या घातल्या गेल्या. अडतीस वर्षांचा होता. त्याने आधी एडी व्हॅन हेलनकडे त्याच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या गिटारची प्रतिकृती मागितली होती. एडी अंत्यविधीला मूळ गिटारच घेऊन आला, 'व्हॅन हेलन टू'च्या मलपृष्ठावर दिसते ती, आणि ती डाइमबॅगच्या शवपेटीत ठेवली. व्हॅन हेलन मेटल आहे की नुसता हार्ड रॉक, यावर चाहते तासन्‌तास भांडतात. मला तरी वर्गीकरणाच्या वादात ती पुरलेली गिटार हा जास्त वजनदार पुरावा वाटतो. वाजवणाऱ्यांनी आपली वंशावळ स्वतः कशी मानली, हे तिथे दिसतं. एडी स्वतः ऑक्टोबर २०२० मध्ये गेला.

एकक बदललं की सुटलेली माणसं आपोआप सापडतात असं मात्र समजू नका. केली जॉन्सनचं उदाहरण घ्या. गर्लस्कूल या लंडनच्या, सगळ्या मुली असलेल्या बँडची मुख्य गिटारवादक. १९८१ साली गर्लस्कूल आणि मोटरहेडने मिळून काढलेली छोटी रेकॉर्ड ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली होती. म्हणजे तिच्या काळात ती अडगळीत नव्हती. २००७ मध्ये ती गेली. ती सोलोही वाजवायची, रिफही. कोणत्याही मापाने ती मोजता येते आणि तरी याद्यांत क्वचितच दिसते. इथे दोष मापाचा नाही, मोजणाऱ्यांचा आहे. तुमचं नवं एकक जुन्याच लोकांच्या याद्यांवर चालवलंत तर जुनंच उत्तर मिळेल.

आता थोडं आपल्याकडे, कारण इथे कालखंडाची कल्पना आणखी एका बाजूने हलते. मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव १९८६ ला धोबी तलावच्या रंगभवनात सुरू झाला. त्या पिढीकडे संगीत पोचायचं ते कॅसेटवरून, कुणीतरी परदेशातून आणलेल्या, मग एकाची दुसऱ्यावर उतरवलेल्या. १९७० चा सॅबथ आणि १९८६ चा स्लेयर एकाच आठवड्यात, एकाच कॅसेटच्या दोन बाजूंवर हाती पडू शकत होता. ज्याने दोन्ही एकदम ऐकलं त्याला 'आधी हे, मग ते' असा काळ जाणवणार कसा? आणि डेमॉनिक रिझरेक्शन हा मुंबईचा बँड २००० साली सुरू झाला, भयानक मौतसारखे बँड त्याच्या आसपासचे. आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात वाजवायला आले ते २००७ च्या मार्चमध्ये, बंगळुरूला. १९९१ ला मेटल मेलं हे कॅलेंडर इथे लावलं तर मुंबईतल्या मेटलवाल्यांचं सगळं काम मरणोत्तर ठरतं! त्यांचा सुवर्णकाळ कोणता ते त्यांनाच विचारावं लागेल, आणि ते अजून पन्नाशी-साठीत आहेत, बोलतात, त्यांच्याकडे कॅसेट आणि तिकिटांची कात्रणं आहेत. मौखिक इतिहासाचा विषय शोधत असाल तर मराठीत हे काम जवळपास मोकळं पडलंय. रंगभवनाच्या आसपास राहणाऱ्यांनाही विचारा. त्यांची आठवण चाहत्यांसारखी नसेल, आणि म्हणूनच ती हवी.

आराखडा लिहायला बसाल तेव्हा 'मेटलचा सर्वोत्तम काळ: एक अभ्यास' असं शीर्षक देऊ नका, मार्गदर्शक पहिल्याच भेटीत परत पाठवतील आणि बरोबरच करतील. पण 'सर्वोत्तम' हा शब्द कचऱ्यात टाकायचीही गरज नाही. तो कुणी, कधी, काय मोजून वापरला, हा उत्तम प्रश्न आहे. एखाद्या गिटार मासिकाच्या याद्या दहा-दहा वर्षांच्या अंतराने घ्या आणि कोण वर सरकलं ते बघा. त्यातले किती जण त्या मधल्या काळात वारले, ते शेजारी लिहा. मृत्युलेख हे साधन म्हणून वापरणार असाल तर मृत्यूच्या आधी त्याच माणसावर छापलेला मजकूरही हवाच, नाहीतर तुम्ही प्रभाव मोजताय की शोक, हे कळणार नाही.

रिफ कुणाची, हे शोधायला मासिकांपेक्षा अल्बमच्या वेष्टनावरच्या श्रेयनामावलीचा उपयोग जास्त होतो. स्लेयरच्या छापील गीतांमध्ये मधला सोलो हॅनमनचा की केरी किंगचा ते लिहिलेलं असतं. रिफ शोधायची तर 'संगीत' या शब्दापुढचं नाव बघावं लागतं. पण इथेही सावध. ब्लॅक सॅबथच्या सुरुवातीच्या अल्बमवर गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावे समान आहे. नुसते कागद बघितले तर आयोमीने काही विशेष केलंय असं दिसणारच नाही. ते वाटप मैत्रीतून होतं, व्यवहारातून की खरोखर चौघांनी मिळून रचल्यामुळे, याचं उत्तर वेष्टनावर मिळत नाही. त्यासाठी मुलाखती वाचाव्या लागतात, आणि मुलाखती बहुतेक वीस-तीस वर्षांनंतरच्या असतात.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजवले. त्यांच्या आधी दिवसभर मेटॅलिका, स्लेयर, पँटेरा, गोजिरा असे वेगवेगळ्या दशकांतले बँड येऊन गेले आणि त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या गाण्यांबरोबर एखादं सॅबथचं गाणं वाजवलं. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. त्यानंतर छापून आलेले लेख अजून ताजे आहेत. एखाद्या दुपारी त्यातले वीस-पंचवीस काढून वाचा आणि पेन्सिलीने दोनच गोष्टी मोजा: त्यात रँडी ऱ्होड्सचं नाव किती वेळा येतं, आणि आयोमीचं किती वेळा.